ज्याचा वार, त्याचा लसूण

ताई, टोपलीतल्या लसणाला कोंब फुटलेत. तुम्ही असताना आपल्या घरात लसणाला तेवढी उसंतच मिळत नव्हती. आज शनिवार, प्रज्ञाचा वार. पण आज काय करायचं हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिच्यासमोर लसणाची वाटी कुणी आपटली नाही.

तुमच्या शोकसभेला आक्का मला म्हणाल्या, "रंजना, तू पण दोन शब्द बोल. जावा जावा असून बहिणींसारख्या राहिलात." समोर माणसं बसली होती, माईक होता. मी चहाचा ट्रे उचलला आणि आत गेले. मी कशी आहे तुम्हाला माहीत आहे. बाहेर एकेक जण उठून सांगत होता, सुनंदाताई फार शांत होत्या, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मला आत हसू आलं. शांत, आणि तुम्ही? गॅसवाल्याशी भांडायच्या, पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्यांशी भांडायच्या, आणि सगळ्यात जास्त माझ्याशी. मी उलट बोलत नाही म्हणून माझ्याशी जास्त. हसता हसता मग रडू आलं आणि चहा सांडला.

म्हणून इथं लिहितेय. प्रज्ञाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढीच मी शिकले. एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो. पण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत बसत नाही.

आधी तुम्हाला घरातली गोष्ट सांगते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक खोकं ठेवलंय. त्यात नवी शेगडी आहे. भाऊजींनी परवा आणली, तुमचा जलदानाचा विधी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. वरच्या खोलीत ते वेगळा गॅस मांडणार आहेत. तुमचे मालक आणि तुमची लेक वर, आम्ही तिघं आणि आबा खाली. ही एवढीशी रो-हाउसची जागा, तिच्यात दोन चुली.

हे आक्कांनी सुचवलं. आक्कांना दोष देत नाही मी. शिरवण्याहून येऊन त्या इतके दिवस राहिल्या, भावांच्या घरात काय हवं नको बघितलं. त्या माझ्या भल्याचंच बोलल्या. म्हणाल्या, "दोघी होत्या तोवर एका चुलीवर चाललं. आता हिनं एकटीनं सगळ्यांचं करायचं म्हणजे हिचं मरणच. प्रज्ञा काय आता लहान नाय. बापाचं नि आपलं दोघांचं करील."

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "बरोबर आहे. भावाच्या बायकोवर किती दिवस ओझं टाकायचं?"

आमचे हे मोबाइल बघत बसले. आबा कूस बदलून भिंतीकडे झाले. मी दारात उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय बोलले असते ते तुम्हाला पाठ आहे. काहीही चालेल.

त्या दिवशी भांडी घासताना प्रज्ञा हळूच म्हणाली, "काकी, मी हे वर्ष ड्रॉप घेते."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे कॉलेजला जायचं नाही. खारघरला जायला-यायलाच किती वेळ जातो. पप्पांची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे डबा लागतो. कोण करणार?"

"आणि पुढच्या वर्षी?"

ती ताट विसळत राहिली. विसळून झालेलंच ताट पुन्हा विसळत होती.

ताई, त्या कॉलेजसाठी आपण काय काय केलं ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांनी ते खाल्लंय. पण ते सुरू कसं झालं ते तुम्हाला आणि मला जास्त आठवतं.

मला तर तो दिवस जसाच्या तसा आठवतो. आबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. डॉक्टरनी शुगर सांगितली आणि म्हणाले, खाण्यावर लक्ष ठेवा, नाहीतर पाय जाईल. त्याच महिन्यात भाऊजींच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, आणि प्रज्ञाच्या बारावीनंतरच्या फीचं कुठूनच जमत नव्हतं. आणि आपल्या घरात त्या दिवशी जेवायला काय होतं? आबांना भात पाहिजे म्हणून भात. भाऊजींना मेथी चालत नाही म्हणून त्यांना अंडं. ह्यांना अंडं नको म्हणून बटाटा. प्रज्ञा कोपऱ्यावरच्या गाडीवर चायनीज खाऊन आली होती. माझी मनू तेव्हा बालवाडीत, तिनं बिस्किटाचा पुडा संपवला होता. मेथी तशीच राहिली. ती मेथी मी निवडली होती, तुम्ही केली होती, आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकताना तुम्ही एकदम थांबलात. पातेलं घेऊन बाहेरच्या खोलीत गेलात आणि टीव्हीच्या पुढ्यात उभ्या राहिलात.

"हे घर आहे का खानावळ?"

भाऊजी म्हणाले, "अगं सर ना, मॅच चालू आहे."

"सरत नाही. सात माणसं आहोत, आठवड्याला वारही सात आहेत. एकेकानं एकेक वार घ्या. ज्याचा वार त्याच्या मनासारखं करीन, पण त्या दिवशी बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता तेच खायचं. आणि ज्याचा वार, त्याचा लसूण. सोलून द्यायचा. पुरुष असो नाहीतर पोर."

भाऊजींना वाटलं होतं चार दिवसांची थेरं आहेत. मग आला मंगळवार. त्यांनी सुकट घालून वांगं सांगितलं होतं. तुम्ही लसणाची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ते म्हणाले, "मी कामावरून आलोय." तुम्ही म्हणालात, "लसूणही बाजारातून चालत आलाय." इतक्या वर्षांत मी भाऊजींशी समोरासमोर बोलले नाही. काही लागलं की 'प्रज्ञा, पप्पांना सांग' असं. पण त्या दिवशी ते नखानं साल ओढत बसले होते आणि ती सुटत नव्हती, तेव्हा मला तोंडावर पदर धरून आत पळावं लागलं.

रविवारी दुपारी तुमची बैठक. पण जिभेला विचारायच्या आधी तुम्ही बाजार बघून यायच्या. सकाळी स्टेशनकडच्या भाजीवाल्यांकडे वाटे लावलेले असतात, ते तुम्ही डोक्यात घालून आणायच्या. वांगी चांगली आलीत, फ्लॉवर महाग आहे, चवळीच्या शेंगा घ्याल तेवढ्या. मग प्रत्येकाला विचारायच्या, पण बाजारात जे स्वस्त असेल त्यातूनच. मनूनं नूडल्स सांगितल्या की तुम्ही हो म्हणायच्या आणि त्यात गाजर, कोबी, वाटाणे इतके घालायच्या की नूडल्स शोधाव्या लागायच्या. प्रज्ञाची पावभाजी दुधीवर चालायची, ते तिला बारावीचा निकाल लागेपर्यंत कळलं नव्हतं. आबांना नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. आबा पहिल्या दिवशी म्हणाले, "सुने, मी काय गावाला हाय का परत?" पण खाल्ली. नंतर तर सोमवारची वाट बघायला लागले. आदल्या दिवशीची उसळ दुसऱ्या दिवशी थालीपिठात जायची. काही टाकलं जायचं नाही. महिन्याच्या शेवटी गॅसच्या सिलिंडरला हात लावून तुम्ही मला सांगायच्या, "रंजू, बघ, अजून जड आहे." बाहेरचं खाणं बंद झालं तसे हातात पैसे राहायला लागले, आणि ते तुम्ही कुणाला हात लावू दिले नाहीत. त्यातून प्रज्ञा खारघरला गेली.

आणि मी?

माझा बुधवार होता. पहिल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "रंजू, तुझं सांग." मी म्हणाले, "काहीही चालेल." तुम्ही म्हणालात, "काहीही नावाची भाजी बाजारात मिळत नाही." सगळे हसले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तुम्ही चिडलात. "हिच्या पोटात काय आहे ते हिच्या आईला तरी माहीत असेल का?" मग तुम्ही बुधवारी उरलंसुरलं काढायला लागलात. अर्धा कोबी, एक बटाटा, मूठभर मटकी, सगळं एकत्र. प्रज्ञा कॉलेजातून आली की नाक वर करून म्हणायची, "अच्छा, आज काहीही आहे!" मनू शाळेत मैत्रिणींना सांगून आली होती की आमच्या घरी काहीही नावाची भाजी असते.

मी हसत होते. पण ताई, मला काय खावंसं वाटतं ते मला माहीत होतं. पहिल्या रविवारपासून माहीत होतं.

वालाचं बिरडं. आमच्या महाडकडचं, कडव्या वालाचं. माझी आई वाल भिजत घालायची, मोड आणायची, आणि मग घरातल्या सगळ्या बायका, आत्या, चुलत्या, शेजारची म्हातारी, ओट्यावर परातीभोवती बसायच्या. एकेक दाणा बोटात धरायचा, दाबायचा, साल सुटते. एका माणसाचं ते काम नाही. एकटीनं बसलं तर बोटं सुरकुततात आणि मान धरते. तुमचा नियम असा की ज्याचा वार त्यानं सोलायचं. आणि मला ते एकटीनं सोलायचं नव्हतं. मला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. तेवढं मागायला तोंड उघडत नव्हतं. एवढ्या माणसांना माझ्या जिभेसाठी बसवायचं, असं वाटायचं.

हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दर रविवारी विचारत होतात तरी राहून गेलं.

आता दुसरं लिहिते. ते लिहिताना हात गरम होतोय, कारण मला तुमचा राग आलेला आहे.

तुमची बीपीची गोळी. जेवण ताळ्यावर आलं, मीठ कमी झालं, पापड-लोणचं बंद झालं. तुमचं वजन उतरलं. मेडिकलवाल्याच्या मशीनवर आकडा चांगला आला, तेव्हा तुम्ही घरी येऊन नाचायच्याच बाकी होतात. आणि गोळ्या संपल्या तेव्हा पुढच्या आणल्या नाहीत. भाऊजींना सांगितलंत, त्यांनाही कौतुक वाटलं. "बघा, घरच्या जेवणात किती ताकद आहे." मीच तेवढी म्हणाले, "ताई, डॉक्टरांना विचारून बंद करा."

तुम्ही म्हणालात, "काय?"

मी पुन्हा म्हणाले.

"तू ना, पोटातल्या पोटात बोलतेस. आबांचा पाय कशानं भरला? जेवणानं. मग माझी गोळी कशाला? तेवढेच वाचले."

आबांचा पाय जेवणानं भरला, पण आबांच्या गोळ्याही चालू होत्या. ते तुम्ही सोयीनं विसरलात. मी दिवाळीच्या आधी पुन्हा म्हणाले. तुम्ही अनारशाचं पीठ मळत होतात. डोकं दुखतंय म्हणालात, तेव्हाही म्हणाले. तुम्ही कपाळाला रुमाल बांधलात आणि म्हणालात, "रंजू, तू डॉक्टर कधी झालीस?" आणि हसलात. तुमचं ते हसणं इतकं मोठं होतं की त्यापुढं माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार?

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, बीपी वाढून डोक्यातली नस फुटली. गोळी कुठली चालू होती, विचारलं त्यांनी. भाऊजी गप्प. मी गप्प. तुम्ही तर काय, डोळे मिटून पडलेल्या.

सगळ्या घराचं खाणं तुम्ही सरळ केलंत आणि स्वतःच्या एका गोळीपाशी घसरलात. याचं मी काय करू? तुमचे उपकार आठवतात तेव्हाच राग येतो, आणि राग आला की लगेच ती मेथीचं पातेलं धरून उभी राहिलेली बाई आठवते.

तुम्ही गेल्यावर चूल बंद होती, तेव्हा शेजाऱ्यांनी जेवण आणलं. ज्यांच्याशी टाकीवरून भांडण, त्यांनी सगळ्यात आधी आणलं. नंतर भाऊजी रोज पार्सल आणायला लागले. बिर्याणी, तंदुरी, गोड काहीतरी. पाहुणे होते म्हणून आणलं म्हणावं, तर पाहुणे गेल्यावरही आणतात. परवा आक्का म्हणाल्या, "अरे, आबांना हे चालत नाय." भाऊजी एकदम ओरडले, "काय चालत नाही? एवढं मोजूनमापून खाल्लं तिनं, काय झालं? खाऊ दे त्यांना!" आबांनी घास ठेवला आणि हात धुतला. आबांच्या अंगठ्याला पुन्हा लाली आली आहे. मी बघितली. कुणाला बोलले नाही. बोलले म्हणजे ह्यांना बोलले, आणि हे म्हणाले, "दादाला आता काय बोलायचं, जरा दिवस जाऊ दे."

दिवस गेले की शेगडी वर जाईल. मग प्रज्ञा वर, चुलीपाशी.

काल सकाळी मी एक गोष्ट केली. डब्यात माहेराहून आलेले वाल होते, ते भिजत घातले. का घातले मला सांगता येणार नाही. संध्याकाळी उपसून फडक्यात बांधले आणि मोठ्या पातेल्याखाली झाकून ठेवले. आता बघितलं तर बारीक मोड दिसायला लागलेत. भरपूर आहेत. माझ्या एकटीच्यानं सोलून होणार नाहीत एवढे.

उद्या रविवार आहे.

आज सोमवार. सगळे कामाला गेलेत. आबा झोपलेत. काल जे झालं ते लिहिते.

सकाळी मी बाजारात गेले. एकटी. तुमच्या मागून पिशवी धरून किती वेळा गेले असेन, पण एकटी पहिल्यांदा. तुमची ती ठरलेली भाजीवाली, गावठाणातली, नथवाली, तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, "आज एकलीच? मोठी बाय कुटं हाय गो?"

मी नुसती मान हलवली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातातलं पाणी मारायचं डबडं खाली ठेवलं. "अगो बाय माजे," एवढंच म्हणाली. मग कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. मी पैसे द्यायला लागले तर म्हणाली, "ती रोज भांडून न्यायची. आज तू न भांडता ने."

वांगी चांगली आली होती. नाचणीचं पीठ घेतलं. लसूण घेतला.

दुपारी जेवणं झाली, पार्सलचीच. नेहमीच्या सवयीनं सगळे टीव्हीसमोर बसले, पण टीव्ही कुणी लावला नाही. तुमच्या जागेवर कुणी बसलं नाही. आक्काही आल्या होत्या, शेगडी मांडताना मदतीला म्हणून. भाऊजींनी घसा साफ केला.

"आजपासून आम्ही वर. गॅसवाला पाच वाजता येतोय. रंजनाला सांगा, आमचं पीठ-तांदूळ वेगळं काढून ठेवायला."

मी तिथंच होते, ताई. त्यांच्यापासून दोन हातांवर. आणि ते म्हणाले, रंजनाला सांगा. मीही त्यांच्याशी तशीच बोलत आले आहे, त्यांचं काय चुकलं?

मी आत गेले. आक्का म्हणाल्या, "जा, काढून ठेव." मी कोमट पाण्यातले वाल परातीत ओतले. परात जड होती. बाहेर आणून मधोमध ठेवली. थोडं पाणी भाऊजींच्या पायावर उडालं.

"हे काय?" ते म्हणाले.

मी म्हणाले, "बुधवार माझा आहे."

कुणाला ऐकू गेलं नाही. ताई, मला तुमचा आवाज आला, पोटातल्या पोटात बोलतेस. मी मुठीत धरलेला पदर सोडला आणि पुन्हा म्हणाले.

"बुधवार माझा आहे. मला बिरडं खायचंय. आज सोलून फ्रीजमध्ये ठेवलं तर बुधवारपर्यंत राहतं. माझ्या एकटीच्यानं होत नाही. सगळ्यांनी बसायचं."

मनू म्हणाली, "आई, तुझं तर काहीही असतं ना?"

"नाही."

हे माझ्याकडं असे बघत होते, जशी मी दुसऱ्याच घरातून आले आहे. भाऊजी म्हणाले, तेही परातीकडं बघून, "अगं बाई, आता कसले वार? ती गेली, ते सगळं तिच्याबरोबर गेलं. काय उपयोग झाला त्या जेवणाचा? सांग ना. माणूस राहिलं का?"

मी परातीपाशी खाली बसले.

"भाऊजी," मी म्हणाले. त्यांच्याकडं बघून. "ताई जेवणानं गेल्या नाहीत. गोळी बंद केली म्हणून गेल्या. जेवणानं आबांचा पाय राहिला, आणि गोळ्यांनी पण राहिला. दोन्ही लागतं. मी ताईंना सांगत होते."

आक्कांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता हे घर माझं राहत नाही. भाऊजींचं तोंड लाल झालं, मग पांढरं पडलं. ते उठून दारापर्यंत गेले. चपलेत एक पाय घातला.

आबा कॉटवरून भाऊजींना म्हणाले, "बापू, बस. ती काय खोटं नाय बोलत. माजा अंगठा बघ हवा तर." आणि पाय पुढं केला.

भाऊजींनी अंगठा बघितला. मग दाराशीच, पाठ करून, म्हणाले, "मला पण माहीत होतं गोळीचं. मीच म्हणालो होतो, चांगलं झालं."

मला माहीत होतं त्यांना माहीत होतं. पण ते असं सगळ्यांसमोर, दाराकडं तोंड करून बोलतील असं वाटलं नव्हतं. माझा राग तिथंच कुठंतरी गेला. तुमच्यावरचा नाही, त्यांच्यावरचा.

मग ते म्हणाले, "पण ओझं ते ओझंच. तू एकटी किती मरशील?"

"ओझं नको असेल तर तुमचा मंगळवार सोडू नका. लसूण सोला. ह्यांनी रविवारी भांडी घासायची, आजपासून." हे चमकले. "आणि प्रज्ञाचा वार शनिवार आहे. रोज नाही. बाकीचे दिवस ती कॉलेजला जाईल."

प्रज्ञा रडायला लागली. मी तिला म्हणाले, "रडतेस काय, वाल सोल." ताई, ते मी म्हणाले की तुम्ही, मला कळलं नाही.

आक्का पहिल्या बसल्या. "माहेरी आल्यावर तरी बसू द्याल का सुखानं," म्हणाल्या, पण बोटं चालू झाली. मग मनू, प्रज्ञा. हे बसले आणि पहिलाच दाणा असा दाबला की तो सटकून आबांच्या कॉटखाली गेला. आबा म्हणाले, "नेमबाज झाला." भाऊजी एक चप्पल घातलेली तशीच ठेवून दारात उभे होते. मग चप्पल काढली. आले, बसले. त्यांना लसणाची साल सुटत नाही, वालाची काय सुटणार? पण कोमट पाण्यात बुडालेल्या वालाची साल आपोआप सुटते. दोन-तीन दाण्यांनंतर त्यांना जमलं. मान वर न करता सोलत राहिले. मध्येच डोळे पुसले, मनगटानं, बोटं ओली होती म्हणून.

गॅसवाला पाच वाजता आला. भाऊजी त्याला म्हणाले, "आज राहू दे. बघू." शेगडीचं खोकं अजून तिसऱ्या पायरीवरच आहे. हो म्हणालेले नाहीत ते अजून. सकाळी कामावर जाताना त्या खोक्याला वळसा घालून खाली आले. पण जाता जाता दाराशी थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाले, "रंजना, उद्या वांगं असेल ना? लसूण किती लागेल?"

मी म्हणाले, "एक गड्डा." हळूच म्हणाले, पण त्यांना ऐकू गेलं.

प्रज्ञा आज कॉलेजला गेली. आबांना मी गोळी दिली, पिठी आणि भाकरी दिली. संध्याकाळी हे त्यांना दवाखान्यात नेणार आहेत, अंगठा दाखवायला. भाऊजीही जातायत, स्वतःचं बीपी बघायला. मी सांगितलं नाही. ते आपणहून म्हणाले.

एकच गोष्ट अडली. काल वाल सोलून झाल्यावर प्रज्ञानं नेहमीसारखे वार म्हणायला सुरुवात केली. सोमवार आबा, मंगळवार पप्पा, बुधवार काकी. गुरुवार मनू. आणि थांबली. शुक्रवार तुमचा. अंबाडीची भाजी, नाहीतर कोळंबी टाकून काहीतरी, तुम्ही दर वेळी वेगळं करायच्या. आक्का म्हणाल्या, मला द्या, मी येत जाईन शुक्रवारची. आबा म्हणाले, नको, तिचा तिलाच ठेवा.

मग करायचं काय त्या दिवशी? सगळे माझ्याकडं बघायला लागले, मलाच माहीत असल्यासारखे.

ताई, मी तुमच्या जागेकडं बघितलं. तुम्ही मला विचारायच्या तसं मनातल्या मनात विचारलं, तुमचं सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत.

तेव्हा शुक्रवारी काहीही.